ऊन, कात आणि शीड

वाळवणाच्या घरात वाढलेल्या माणसाला ऊन हा शत्रू असू शकतो हे पटायला वेळ लागतो. गाद्या, गोधड्या, डाळी, ट्रंकेतले लोकरीचे कपडे, फार काय, पावसाळा सरल्यावर आजोबांच्या पोथ्यासुद्धा; आमच्या घरी या सगळ्यांवर उपचार एकच होता, तो म्हणजे ऊन दाखवणे. पुढे काही वर्षे नेदरलँड्समध्ये राहण्याचा योग आला आणि तेथे आयसलमेर या विस्तीर्ण जलाशयाच्या काठी मी विंडसर्फिंग शिकण्याचा, वयाला न शोभणारा, उद्योग आरंभला. जुनी फळी आणि त्याहून जुने शीड स्वस्तात मिळाले होते. दर रविवारी पाण्यातून बाहेर आल्यावर मी ते शीड उलगडून, तिन्ही कोपऱ्यांवर दगड ठेवून, गवतावर उन्हात पसरून ठेवीत असे. तिकडच्या उन्हाळ्यात दिवस मावळायला रात्रीचे दहा वाजतात. तोवर शीड खडखडीत वाळे आणि आपण वस्तू नीट राखतो या समाधानात माझा चहा होई.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी शीड डोलकाठीवर चढवताना अंगठ्याचा दाब पडला, कट् असा आवाज झाला आणि शिडाच्या पारदर्शक भागाला हातभर तडा गेला. ते फाटले नव्हते, तडकले होते. तड्याच्या कडा ओढून पाहिल्या तर पापडासारख्या मोडू लागल्या. शेजारी आपले सामान आवरणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी ते पाहिले, माझे दगड पाहिले, वर सूर्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "हे कापड नव्हे."

मला ते वाक्य लागले, कारण त्याच धक्क्यावर, आमच्यापासून शंभर पावलांवर, जुन्या धाटणीच्या लाकडी नौका नांगरलेल्या असत आणि पाऊस येऊन गेल्यावर त्यांवरचे लोक आपली तपकिरी शिडे उभारून उन्हावाऱ्यात वाळत घालीत. त्यांना कोणी काही बोलत नसे. शीड वाळवावे हा दर्यावर्दी माणसाचा पिढ्यान् पिढ्यांचा धडा आहे. मग तो माझ्या बाबतीत उलटा का पडला? या प्रश्नाचा माग काढताना विंडसर्फिंगच्या इतिहासाची एक वेगळीच बाजू दिसत गेली. हा इतिहास बहुधा 'हा खेळ प्रथम कोणी शोधला' या प्रश्नाभोवती सांगितला जातो. त्यावर न्यायालयांत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मला मात्र असे वाटते की 'काय मोडले आणि कशामुळे' हा प्रश्न अधिक काही सांगून जातो. शीड कशाने मरते हे कळल्यावाचून ते राखावे कसे हे कळत नाही, आणि शिडाच्या मरणाचे कारण दर काही पिढ्यांनी बदलत आले आहे.

सुरुवात कापडापासून करू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातली जवळजवळ सगळी शिडे वनस्पतींच्या धाग्यांची होती. युरोपात जवसाच्या (म्हणजे लिननच्या) आणि भांगेच्या कुळातील हेम्पच्या धाग्यांची. कॅनव्हास हा शब्दच मुळी भांगेच्या लॅटिन नावावरून आला आहे. अमेरिकेत आणि आपल्याकडे कापसाची. २२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटाभोवती झालेल्या ज्या शर्यतीत 'अमेरिका' या नौकेने इंग्रजांच्या नौकांना मागे टाकले, त्या शर्यतीची चर्चा पुढे कित्येक वर्षे शिडांवरून चालली. इंग्रजांची शिडे जवसाची, पोटाशी फुगणारी. त्यांची वीण दाटावी म्हणून शर्यतीत त्यांवर पाणी मारावे लागे. अमेरिकी नौकेची शिडे यंत्रावर विणलेल्या दाट सुताची, सपाट बेतलेली. त्यानंतर शर्यतीच्या नौकांवर सुताचे राज्य सुरू झाले.

जवस असो, हेम्प असो वा कापूस, या सर्वांचा गाभा सेल्युलोज हाच, आणि सेल्युलोज हे बुरशीचे व जिवाणूंचे अन्न आहे. ओले शीड घडी करून आडव्या काठीला बांधून ठेवले की आतल्या उबेत बुरशी धरते, आधी काळे ठिपके पडतात, मग वास येतो, आणि एखाद्या दिवशी जोराच्या वाऱ्यात ते जुन्या धोतरासारखे टरकते. म्हणून बंदरात उभ्या असलेल्या गलबतांवर पाऊस थांबल्याबरोबर शिडे सैल सोडून वाळवणे हे खलाशांचे ठरलेले काम होते. नव्या सुती शिडाला तर नव्या सुनेसारखे जपावे लागे. पहिले काही दिवस मंद वाऱ्यातच न्यायचे, ताण हळूहळू वाढवायचा, नाहीतर त्याचा घाट कायमचा बिघडे. या जगात ऊन आणि वारा हे शिडाचे वैद्य होते. सूर्यप्रकाश सुतालाही खातोच, पण त्याच्या आधी बुरशी खाते. दोन मारेकऱ्यांत जो आधी पोहोचतो त्याचाच बंदोबस्त माणूस करतो.

उन्हाने सगळे भागत नसे, म्हणून दुसरा उपाय होता तो कषायाचा. येथे थोडे विषयांतर करावे लागेल, कारण हा धागा थेट आपल्या कोकणाशी येऊन पोहोचतो. युरोपातले कोळी आपली जाळी आणि शिडे ओकच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढीत. कातडे कमावतात तसे हे कापड कमावणेच. काढ्यातील टॅनिन धाग्यात मुरले की बुरशीला तो धागा पचत नाही. एकोणिसाव्या शतकात या सालीची जागा एका आयात मालाने घेतली. इंग्रज त्याला 'कच' किंवा 'कटेचू' म्हणत, डच लोक 'काशू'. ही सारी नावे ज्या पदार्थाची आहेत तो आपल्या पानाच्या डब्यातला कात होय, खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून आटवलेला. कॉर्नवॉलपासून नेदरलँड्सपर्यंत कोळ्यांच्या गावागावांत काताच्या काढ्याच्या मोठमोठ्या कढया असत. काढा पाण्याने हळूहळू धुऊन जाई, म्हणून जाळी आणि शिडे पुन:पुन्हा त्यात बुडवावी लागत. काताने शिडे तांबूस तपकिरी होत. आयसलमेरवरच्या त्या जुन्या नौकांच्या ताफ्याला डच भाषेत 'ब्रॉइने फ्लोट', म्हणजे तपकिरी ताफा, म्हणतात ते यामुळेच. टेम्स नदीवरील मालवाहू बार्जांची तांबडी शिडे चित्रांतून पुष्कळांनी पाहिली असतील; त्यांवर गेरू आणि माशाच्या तेलाचा लेप असे. हे रंग चित्रकारांना काव्यमय वाटले. ज्यांची शिडे होती त्यांच्या दृष्टीने ते औषध होते.

युरोपात गेलेला बराचसा कात ब्रह्मदेशातला होता हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कोकणातल्या काताची मुख्य वाट पानाच्या विड्याकडेच जात असे. परंतु पदार्थ एकच, कृतीही तीच, आणि ती कृती ज्यांच्या नावातच आहे असे लोक आपल्या रायगड-ठाण्याच्या डोंगरांत आजही राहतात. कातकरी किंवा काथोडी म्हणजे कात करणारे. थंडीच्या दिवसांत जंगलात मुक्काम करायचा, खैर तोडायचा, त्याचे तांबडे काळीज चिपा काढून मडक्यांत उकळायचे, काढा आटवून वड्या पाडायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषत: १८७८च्या वन कायद्यानंतर, जंगल सरकारचे झाले, खैरावर हात टाकणे गुन्हा ठरू लागले आणि हा धंदा त्यांच्या हातून सुटत गेला. त्यांतले कित्येक कोळशाच्या भट्ट्यांवर आणि पुढे विटांच्या भट्ट्यांवर गेले. 'अमेरिका' नौकेच्या शिडांचा इतिहास ग्रंथांतून सविस्तर सापडतो. ज्या झाडाच्या रसाने कोळ्यांची शिडे टिकली ते झाड उकळणाऱ्या माणसांचा उल्लेख शिडांच्या इतिहासात मला कोठे भेटला नाही, मग ते कोकणातले असोत की ब्रह्मदेशातले.

विषयांतर झालेच आहे तर आणखी एक. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या कोशात 'डंगरी' नावाच्या भरड सुती कापडाची नोंद आहे. त्यातला बरा माल गरिबांच्या कपड्यांसाठी आणि जाडाभरडा माल देशी नौकांच्या शिडांसाठी व तंबूंसाठी वापरतात असे तेथे म्हटले आहे. हे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज जगभर कामकऱ्यांच्या आणि फॅशनच्या दुकानांत मिळणाऱ्या डंगरीचा पूर्वज अशा रीतीने शीड होता. असो.

१९४१ साली मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करणाऱ्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा एक धागा तयार केला. इंग्लंडात त्याचे नाव टेरिलीन पडले, अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने त्याला डेक्रॉन म्हटले. १९५०च्या दशकात त्याची शिडे होऊ लागली आणि पाहता पाहता काताच्या कढया थंड झाल्या. हा धागा बुरशीला खाता येत नाही. तो ओला राहिला तरी कुजत नाही, पाण्याने आटत नाही, सुताइतका ताणत नाही. आपल्याला हीच 'टेरिलीन' शर्टांच्या रूपाने भेटली आणि इस्त्रीच्या कटकटीतून सुटका झाल्याचा आनंद साठ-सत्तरच्या दशकांतल्या मध्यमवर्गाने मनमुराद लुटला. खलाशांचा आनंद याच जातीचा होता.

पण सुटका पूर्ण नव्हती. बुरशी गेल्यामुळे तिच्यामागे रांगेत उभा असलेला मारेकरी पुढे आला. सूर्याच्या अतिनील किरणांनी पॉलिएस्टरच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात. आणखी एक गोष्ट शिडे शिवणाऱ्यांच्या ध्यानात आली. मऊ सुतात टाका रुतून बसे. या कडक कापडात तो वर उभा राहतो आणि दोरांवर, काठ्यांवर घासून आधी तुटतो. कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, हा नवा रोग. त्यातच कापडाच्या विणीत भरलेला राळेसारखा पदार्थ शीड नुसते फडफडत राहिले तरी मोडतो आणि कापड लुळे पडते. सुती शिडाला फडफडून वाळणे मानवत होते, या शिडाला ते झिजवू लागले. तरीही डेक्रॉनचे मरण मंद होते, दिसत दिसत येणारे होते, आणि त्याला ठिगळ लावता येत होते.

विंडसर्फिंगचा जन्म या डेक्रॉनच्या काळातला. पेनसिल्व्हेनियातील न्यूमन डार्बी यांनी १९६४ साली सस्क्वेहाना नदीवर, पत्नी नेओमी यांच्या साहाय्याने, फळीवर उभे राहून हाताने धरायचे पतंगाच्या आकाराचे शीड चालवले आणि १९६५च्या ऑगस्टमध्ये 'पॉप्युलर सायन्स' मासिकात त्याची कृती छापली. एकस्व मात्र घेतले नाही. कॅलिफोर्नियात जिम ड्रेक हे विमानविद्येचे अभियंता आणि हॉइल श्वाइट्झर यांनी १९६७ साली आजच्या रूपाच्या जवळचे साधन पाण्यात उतरवले. १९६८ मध्ये अर्ज केला आणि १९७०च्या जानेवारीत अमेरिकी एकस्व मिळवले. पुढे १९८५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तेथील एकस्व रद्द ठरवले. त्यासाठी डार्बींचा लेख आणि पीटर चिल्व्हर्स या बारा वर्षांच्या मुलाने १९५८च्या सुमारास हेलिंग बेटावर केलेली घरगुती खटपट हे दोन आधार घेण्यात आले. कोणाचे श्रेय किती, हा वाद ज्यांना रुचतो त्यांनी तो अवश्य वाचावा.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो ड्रेक यांच्या रचनेचा मध्यवर्ती विचार. साध्या होडीत डोलकाठी घट्ट रोवलेली असते आणि चहूबाजूंनी तणाव्यांनी आवळलेली असते. वारा वाढला की सगळा जोर त्या लाकडावर आणि दोरांवर येतो. सोसवेल तोवर ती सोसतात, मग मोडतात. ड्रेक यांनी डोलकाठी फळीवर एका सर्व दिशांना वळणाऱ्या सांध्यावर बसवली आणि तणावे काढून टाकले. तणाव्यांची जागा माणसाने घेतली. शिडाला दोन्ही बाजूंनी कवटाळणारी दुहेरी दांडी, तिला इंग्रजीप्रमाणे बूमच म्हणू, दोन्ही हातांत धरायची आणि स्वत:चे वजन वाऱ्याविरुद्ध टाकायचे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. तो हातांना झेपेना की हात सुटतात, शीड निमूटपणे पाण्यावर आडवे पडते आणि काहीही मोडत नाही. घरातल्या विजेच्या मंडळात फ्यूज जे काम करतो ते काम येथे माणसाची बोटे करीत होती. या साधनातला सर्वांत दुबळा भाग माणूस होता, आणि म्हणूनच ते सुरक्षित होते.

पहिल्या 'विंडसर्फर' फळीची डोलकाठी फायबरग्लासची होती, बूम सागवानी लाकडाची, शीड डेक्रॉनचे, त्याला पलीकडचे दिसावे म्हणून एक लहानशी पारदर्शक खिडकी. डोलकाठीचा पाय फळीतल्या खाचेत नुसता दाबून बसवलेला असे, आणि तो सैल झाला की लोक चिकटपट्टीचे वेढे देऊन घट्ट करीत. खोडी होती ती येथेच. पाय खाचेतून निसटला की शीड एकीकडे आणि फळी वाऱ्याबरोबर दुसरीकडे. पाण्यात पडलेल्या माणसाला फळी गाठणे पोहून जमत नाही. ती हलकी असते आणि वारा तिला त्याच्यापेक्षा वेगाने नेतो. म्हणून फळी आणि शीड यांना जोडणारी एक जादा दोरी बांधण्याची शिस्त आली. विंडसर्फिंगमधल्या देखभालीचा पहिला धडा शिडाविषयी नव्हता, त्या दोरीविषयी होता.

सत्तरच्या दशकात हा खेळ युरोपात, आणि त्यातही आधी नेदरलँड्समध्ये, वणव्यासारखा पसरला. टेन काटे नावाच्या जुन्या डच वस्त्रोद्योग कंपनीने परवाना घेऊन हजारोंनी फळ्या विकल्या. तिकडे हवाई बेटांवर, कैलुआच्या उपसागरात, काही तरुणांनी या शांत साधनाचे रूप पालटून टाकले. त्यांना वारा झेपत नाही म्हणून हात सोडणे मान्य नव्हते. कमरेला पट्टा आणि आकडा बांधून बूमला लावलेल्या दोरीत तो अडकवला, म्हणजे जोर हातांवर न येता सगळ्या शरीरावर येऊ लागला. १९७७च्या सुमारास फळीवर पाय अडकवण्याचे पट्टे आले आणि फळ्या लाटांवरून उड्या मारू लागल्या. याच कैलुआत वाढलेला रॉबी नेश १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, जगज्जेता झाला होता.

या दोन पट्ट्यांनी खेळ घडवला हे खरेच. पण त्यांनी फ्यूज काढून टाकला. माणूस आता शिडाला आणि फळीला बांधला गेला होता, आणि वाऱ्याचा जो जोर पूर्वी बोटांतून निसटून जाई तो डोलकाठीला, सांध्याला, शिवणींना सोसावा लागू लागला. मोडतोडीचा खरा इतिहास येथून सुरू होतो. डोलकाठ्या लाटेत मोडू लागल्या, सागवानी बूम जाऊन ॲल्युमिनियमचे आणि पुढे कार्बनचे बूम आले, खाचेत दाबलेल्या पायाच्या जागी पेचाने आवळलेले पाय आले. पुढे कार्बनच्या जाड्या डोलकाठ्या लाटांत टिकेनात, तेव्हा २०००च्या आसपास कमी व्यासाच्या पण जाड भिंतीच्या काठ्या रूढ झाल्या. एखादी वस्तू कोठे मोडते हे आधी समुद्र सांगतो, मग कारखाना ऐकतो, असा तो क्रम होता.

शिडाचेही असेच झाले. वेग वाढला तसे डेक्रॉनचे थोडेसे ताणले जाणेही परवडेना. १९८३ साली फ्रेड हेवुड याने इंग्लंडच्या वेमथ येथे ३० नॉटांची, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरची, मर्यादा ओलांडली. १९८६ साली पास्काल माका याने फ्वेर्तेव्हेंतुरा बेटावर ३८.८६ नॉट वेग गाठला आणि शिडाच्या कोणत्याही नौकेचा वेगाचा विक्रम प्रथमच एका फळीकडे आला. या वेगाला ताणले न जाणारे, हलके, घाट न सोडणारे शीड हवे होते. ते सापडले पॉलिएस्टरच्याच दुसऱ्या रूपात. धागा न काढता त्याचा पातळ पारदर्शक पापुद्रा लाटला की 'मोनोफिल्म' तयार होते. जुन्या शिडातली वीतभर खिडकी वाढत वाढत सगळ्या शिडावर पसरली. त्यात आडव्या कामट्या घातल्या, डोलकाठीच्या पायाशी शीड खाली खेचणारी दोरी पूर्वीपेक्षा कितीतरी जोराने आवळू लागले, इतकी की अनेकांना त्यासाठी हातयंत्र लागते. शीड आता वाऱ्याने फुगत नव्हते, वारा येण्याआधीच ताठ उभे असे.

वृद्ध गृहस्थांचे वाक्य मला येथे समजले. कापडात धागे असतात आणि एक धागा तुटला तर पुढचा त्या फाटण्याला थोपवतो. पापुद्र्यात थोपवणारे कोणी नाही. एक टोचा पुरतो, मग ताणाखाली चीर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावते. त्याला ठिगळ शिवावे तर सुईची भोके पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी फाडायला वाट करून देतात. आणि ऊन तर याचा काळच. वर्षानुवर्षे किरण खाल्लेला पापुद्रा बाहेरून धडधाकट दिसतो, थोडा पिवळसर, थोडा धुरकट. पण आतून इतका ठिसूळ झालेला असतो की मरण अंगठ्याच्या एका दाबावर येते. सुती शीड मरण्याआधी वास देत असे, डेक्रॉन लुळे पडून सूचना देत असे. हे शीड काही बोलत नाही. लाटांत खेळणाऱ्यांची शिडे आता दोन पापुद्र्यांमध्ये धाग्यांची जाळी बसवून करतात. चीर निघालीच तर पुढच्या धाग्याशी अडते. मोबदल्यात वजन थोडे वाढते. म्हणजे पापुद्र्याला पुन्हा थोडे कापड करावे लागले, हे मला गमतीचे वाटते.

त्यामुळे या शिडाचे पथ्य जुन्या पथ्याच्या जवळजवळ उलटे आहे. खारे पाणी असेल तर गोड्या पाण्याने धुवावे, कारण मिठाचे कण आणि वाळू पापुद्र्याला कानशीप्रमाणे घासतात. वाळवावे ते सावलीत. घडी कधीही घालू नये, गुंडाळावे. पापुद्र्यावर पडलेली एक कडक चुणी म्हणजे पुढच्या चिरेची रेघच. पाण्यातून आल्यावर बांधलेले शीड उन्हात फडफडत ठेवून गप्पा मारीत बसणे हा त्याचा सर्वांत मोठा छळ, आणि तो किनाऱ्यावर सर्रास चालतो. दोन तुकड्यांची डोलकाठी जोडताना सांध्यात वाळूचे चार कण राहिले तर ती पूर्ण बसत नाही, आणि पूर्ण न बसलेली काठी ताण पडताच त्याच जागी फुटते. म्हणून सांधा पुसून, बसवून, वरून चिकटपट्टी गुंडाळायची. ही कामे कंटाळवाणी आहेत. वाळवणातही सारा वेळ कावळे हाकलण्यातच जातो.

या सर्वांपेक्षा जो भाग सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित तो म्हणजे ड्रेक यांचा तो सांधा. आज तो बहुधा रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा, मुठीत मावणारा तुकडा असतो. किनाऱ्यावर परत येणे त्याच्यावर अवलंबून असते. तो फळीवर राहून ऊन खातो, हजारो वेळा वाकतो, आणि त्याच्या बुडाशी केसासारख्या भेगा पडतात. पूर्ण वाकवून उजेडात पाहिल्याशिवाय त्या दिसत नाहीत. सांधा तुटला तर फळी शिडापासून वेगळी होऊ नये म्हणून त्याला जाड नाड्याची किंवा दोरीची जोड असते, आणि तीच आधी जुनी झालेली असते. तुटलेच तर फळी सोडायची नाही, शीड डोलकाठीभोवती गुंडाळून फळीवर आडवे घ्यायचे आणि पालथे पडून हातांनी वल्हवत यायचे, हे शिकवतात सगळे; वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल तेव्हा ते किती कठीण असते हे करून पाहिल्यावाचून कळत नाही. मी एकदा केले आहे. अंतर अर्धा किलोमीटरही नव्हते, लागला दीड तास, आणि काठावर आल्यावर हातात धरलेल्या त्या तुकड्याकडे पाहिले तर अर्धी भेग काळवंडलेली होती, अर्धी ताजी. म्हणजे निम्मे तुटलेल्या सांध्यावर मी कितीतरी रविवार घालवले होते, आणि त्याच रविवारी शीड मात्र मोठ्या निष्ठेने वाळवले होते.

तडकलेले शीड मी दुरुस्तीला दिले. शिवणाऱ्याने सगळी खिडकी कापून काढली आणि जाळीच्या पापुद्र्याचा नवा तुकडा, शिवणीखाली चिकटपट्टी घालून, दुहेरी टाक्याने बसवला. डोलकाठी ज्यात शिरते ती डेक्रॉनची बाही मात्र तशीच ठेवली; ती अजून दहा वर्षे जाईल म्हणाला. खर्च नव्या शिडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आला. नवे घेणारे बरेच असतात, आणि जुनी शिडे पापुद्रा, कापड, फोम, दोरा असे नाना पदार्थ एकत्र शिवलेली असल्याने वेगळी करून पुन्हा वापरणे अवघड असते, ती कचऱ्यातच जातात, असेही तो म्हणाला.

शीड घेऊन परत येताना धक्क्यावरच्या एका तपकिरी शिडाच्या नौकेपाशी थांबून मी तिच्या मालकाला विचारले की कात आता कोठून आणता. तो हसला. ते शीड पॉलिएस्टरचेच होते, तपकिरी रंगवून विणलेले. ठाणावरून तसेच मिळते. काढ्यात बुडवलेली शिडे त्याने लहानपणी आजोबांच्या नौकेवर पाहिली होती आणि त्यांचा वास त्याला अजून आठवत होता. पाऊस नुकताच पडून गेला होता. बोलता बोलता त्याने दोर सोडले आणि न कुजणारे ते शीड वाळण्यासाठी उन्हात वर चढवले.